खाली येणारं पोतं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जबलपूरच्या रांझीतल्या आमच्या क्वार्टरांच्या ब्लॉकात एक गव्हाचं पोतं रोज सकाळी पावणेसहाला तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जात असे आणि आल्या पावली खाली येत असे. पुन्हा वर, पुन्हा खाली. असं पाच वेळा. गहू तोच, पोतं तेच आणि ते नेणारे गृहस्थही तेच: तिसऱ्या मजल्यावर राहणारे प्रभाकर भोयर, आमच्या फॅक्टरीच्या स्टोअरमधले क्लार्क.

आता पोतं वर गेलं तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. माणसं वर राहतात, गहू वरच जाणार. पण आमची बायको कुसुम दुसऱ्याच दिवशी दुधाचं पातेलं घेऊन तळमजल्यावरच्या आमच्या दारात उभी राहिली आणि तिने नेमकं बोट ठेवलं.

"वर गेलं ते समजलं. खाली काहून येते?"

हा प्रश्न पुढे अकरा महिने आमच्या घरी मुक्कामाला होता.

आमचे वडील नागपूरकडून इथे आलेले. पुढे राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही नोकरीसकट इकडे जबलपुरात राहिलो. तेव्हापासून आमच्या घरात संशय मराठीत घेतात आणि चौकशी हिंदीत करतात.

भोयर कसे आहेत हे पाहायचं असेल तर त्यांना नुसतं 'बसा' म्हणावं. "टाईम कुठं आहे, भाऊ?" असं म्हणून ते अर्धा तास उभे राहत. पण खरं सांगायचं तर टाईम त्यांना नव्हताच. त्यांच्या मिसेस कटनीला बँकेत. पहाटे सव्वापाचला घर सोडायच्या, रात्री आठला परत. रोजचं अप-डाउन. मधला सगळा संसार भोयरांच्या अंगावर: सहाला नळ, मग कुकर, मग डबे, मग जुईच्या वेण्या. आठ वर्षांची जुई शाळेत निघाली की एक वेणी रांझीकडे बघायची आणि दुसरी पार शहरातल्या सराफ्याकडे. शाळेतून ती आमच्याकडे यायची आणि साडेपाचला बाप फॅक्टरीतून येईपर्यंत थांबायची. मराठी सगळं समजायचं तिला, उत्तर मात्र हिंदीत.

अशा माणसाला पोतं फिरवायला वेळ मिळतो, हीच पहिली संशयाची जागा.

मी एकदा सरळ विचारलं. भोयर धापा टाकत म्हणाले, "काही नाही भाऊ. गव्हाले ऊन दाखवून राहिलो."

पावणेसहाला. जानेवारीत. समोरचा ब्लॉक धुक्यात बुडालेला होता.

पुढे पावसाळा लागला. छतावर पाणी साचलं. भोयर आपले वर-खाली. "ऊन दाखवून राहिलो." दुसरी संशयाची जागा म्हणजे त्यांची पोतं धरायची तऱ्हा. हमाल घेतो तसं पाठीवर नाही. पोटाशी धरलेलं, एक हात बुडाखाली, एक हात मागून आणि पोत्याचं तोंड खांद्यावर. गहू असा कोण नेतो?

दुसऱ्या मजल्यावरच्या तिवारीजींनी मान हलवली. "भाईसाहब, कुछ तो गड़बड़ है." त्यांच्या मते पोत्यात गहू नव्हताच, फॅक्टरीतला माल होता.

"तिवारीजी, चोर माल लेकर भागता है," मी म्हणालो. "ये रोज वापस घर लाते हैं."

"वही तो," तिवारीजी डोळे बारीक करून म्हणाले. "कितना शातिर आदमी है."

शेवटी मी चक्कीवर गेलो. आमचं दळण घेता घेता सहज विषय काढला. चक्कीवाला इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "भोयरजी पिसवाते नहीं हैं. सिर्फ तुलवाते हैं. हर महीने पहले बिटिया को काँटे पर बैठाते हैं, फिर बोरी को. जितनी बिटिया बढ़ी, उतना गेहूँ बोरी में और."

मी पीठ विसरून घरी आलो. कुसुमने ऐकलं, पोळपाट बाजूला सारला आणि एका क्षणात खटल्याचा निकाल दिला.

"तुला!"

"मला काय?"

"तुम्हाले नाही हो. तुला. नवस बोलले असतील पोरीसाठी. तिच्या वजनाइतका गहू ग्वारीघाटावर नर्मदामाईले. आता देणं जिवावर येऊन राहिलं. रोज सकाळी निघतात, खालपर्यंत जातात, अन् मन बदलते. म्हणून पोतं परत वर. अन् इकडे पोरगी वाढून राहिली, नवसही वाढून राहिला."

हे इतकं बिनचूक बसलं की मला आमच्या कुसुमचं कौतुक वाटलं. देवाचा गहू घरात अडवून बसणारा माणूस आपल्या डोक्यावर राहतो, ही काही साधी गोष्ट नव्हे.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी आणि तिवारीजी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वर्तमानपत्र उघडून बसलो. उजेड नव्हता, त्यामुळे ते उलटं धरलंय हे कळायला वेळ लागला. भोयर पोतं घेऊन वर आले.

"भोयर," मी म्हणालो, "देवीचं देवीला देऊन टाका."

"काय देऊन टाकू?"

"नवसाचा गहू. पोरीला तोलता ते कळलंय आम्हाला."

भोयर आमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पोतं अलगद पायरीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच, कोणी न सांगता, बसले.

"नवस नाही, भाऊ. मागच्या वर्षी जुई शाळेतून थकून आली. म्हणाली, पापा, गोदी में. घेतली. इथपर्यंत आलो अन् दम लागला." त्यांनी शेजारच्या पायरीवर हात ठेवला. "इथंच खाली ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाली, 'कोई बात नहीं पापा, मैं बड़ी हो गई.' रडली असती तर चाललं असतं. समजून घेतलं तिनं. तेव्हापासून मागतच नाही."

तिवारीजींनी वर्तमानपत्राची घडी केली. "तो भाईसाहब, सुबह घूमने जाइए. अखाड़े जाइए."

"टाईम कुठं आहे? तिची आई सव्वापाचाले जाते. सहाले नळ येते. मधात जे काही मिनिटं आहेत ते हेच. दूर गेलो अन् पोरगी उठली तर? जिन्यात असलं का हाक ऐकू येते."

"मग उचलून पाहिलं का तिला?"

"नाही."

"अकरा महिन्यांत एकदाही नाही?"

भोयर पोत्याची गाठ चाचपत राहिले. "पुन्हा इथंच ठेवा लागली तर? मंग ती जन्मात मागणार नाही."

खाली नळाचा आवाज सुरू झाला. ते पोतं उचलून वर गेले. मी घरी येऊन कुसुमला सांगितलं. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

त्याच आठवड्यातली संध्याकाळ. जुई शाळेत खो-खो खेळून आली होती, गुडघे लाल. भोयरांनी सायकल लावली, "चल" म्हणाले. ती आमच्या दारातून निघाली आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. मागितलं काही नाही. नुसती सँडलचा पट्टा ओढत राहिली.

भोयरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"येते का?" त्यांनी हात पुढे केले.

"पापा, तीसरी मंजिल है."

"माहीत आहे मले."

त्यांनी उचललं. एक हात खाली, एक हात मागून, मान खांद्यावर. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दप्तर तिच्या पाठीवरच आहे. चक्कीवर सगळं तोललं होतं, दप्तर तोललंच नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुसुमने असा चिमटा काढला की मी ते मिटलं.

पहिला जिना झाला. दुसरा झाला. वळणावर पावलं थांबली.

दुसऱ्या मजल्यावर तिवारीजींचं दार वाजलं, लोटा घेऊन ते दारातल्या तुळशीला पाणी घालायला बाहेर आले; ती तुळस त्या दिवशी तिसऱ्यांदा न्हाली. वरून जुईचा हळू आवाज आला, "पापा, उतार दो."

वरून नुसत्या धापा ऐकू येत होत्या. मग तुटक तुटक भोयर म्हणाले, "थांब. ऊन... दाखवून राहिलो."

सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. पावलं पुन्हा सुरू झाली. कुसुम बोटांवर पायऱ्या मोजत होती. सोळाव्या बोटाला वर किल्ल्या वाजल्या. जुईने बापाच्या खिशातून काढल्या असणार, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. कडी उघडली.

मग कुसुम जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत गेली, मान वर केली आणि अख्ख्या ब्लॉकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भाऊजी, आता खाली नका आणू तिले."