नरसक्का आणि बुट्टीची खाज

गणपतीच्या दिवसांत आमच्या सोसायटीत पहिल्यांदा येणारा पाहुणा जिन्याशी थबकतो. जिन्याखाली एक पांढरी कुत्री बसलेली असते आणि तिच्या पोटावर, बगलेत, मांड्यांवर निळ्या खडूची वर्तुळं काढलेली असतात. पाहुणा वर येतो, पाणी पितो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, की तुमच्याकडं कुणी करणीबिरणी करतं का. मी सांगतो, तसलं काही नाही, ते आमच्या नरसक्कांचं काम आहे.

नरसक्का तळमजल्यावर राहतात. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्या तीसेक वर्षं चेकर होत्या. मागावरून उतरलेला माल टेबलावर पसरायचा, त्यावरून हात फिरवायचा, आणि कुठं धागा सुटला, गाठ आली, तेलाचा डाग पडला, की निळ्या खडूनं गोल करायचा. कारखान्यातून त्या निवृत्त झाल्या. खडू झाला नाही.

त्यांच्या घरी गेलं, की 'बसा' म्हणायच्या आधी त्या आपल्या शर्टाची कड चिमटीत धरतात, उजेडाकडं करतात आणि म्हणतात, "हे उसवणार हाय." ते उसवतंच. सोसायटीला रंग दिला तेव्हा ठेकेदार पैसे मागायला यायच्या आदल्या दिवशी नरसक्का स्टूल घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरल्या आणि जिथं जिथं रंगाला फुगा आला होता तिथं गोल करून ठेवला. सकाळी इमारतीला देवी आल्यासारखं दिसत होतं. ठेकेदारानं मुकाट्यानं पुन्हा हात मारून दिला. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तेव्हापासून मी त्यांना जरा घाबरूनच असतो.

त्या बुटक्या, सडसडीत, दोन्ही नाकपुड्यांत चमकी. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, कुत्रीशी दोन्ही. लग्न केलं नाही. दोन भाऊ भिवंडीला, त्यांचे फोन सणासुदीला येतात. काळजी करणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. गॅस बंद आहे का, हे त्या तीनदा बघतात आणि रस्त्याला लागल्यावर चौथ्यांदा बघायला परत येतात. 'एकदा बघितलं म्हणजे बघितलं न्हाय,' हे त्यांचं ब्रीदवाक्य.

ही कुत्री त्यांना नोकरीच्या शेवटच्या महिन्यात कारखान्यामागं चिंध्यांच्या ढिगात सापडली. सगळी पांढरी, पाठीवर एकच तपकिरी ठिपका, लुगड्यावरच्या बुट्टीसारखा. म्हणून नाव बुट्टी. मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती. बुट्टी तशी गरीब, पण मी जिन्यावरून जाताना भिंतीला चिकटूनच जायचो.

दुसऱ्या वर्षी गौरी बसल्या आणि बुट्टी पंजे चाटायला लागली. नुसते चाटत नव्हती, चावत होती. नरसक्कांनी लगेच हेरलं, की पंजांमधले पांढरे केस तांबूस झालेत. मग कान हलवणं सुरू झालं, मग फरशीवर तोंड घासणं, मग पोटावर लाल पुरळ. नरसक्कांनी प्रत्येक चट्ट्याभोवती गोल केला. दुसऱ्या दिवशी चट्टा गोलाच्या बाहेर गेला असला, की त्या माझ्याकडं वर यायच्या. आत असला, तरी यायच्या. त्याच्या आत राहण्यावर त्यांचा विश्वास नसायचा. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरेपर्यंत सगळं आपोआप गेलं. पुढच्या वर्षी गौरींबरोबर पुन्हा आलं, आणि गड्ड्याबरोबर गेलं.

खाजेच्या तिसऱ्या वर्षी बुट्टीच्या बगलेतले केस गेले आणि माझ्याकडं अर्ज आला.

अर्ज दुसऱ्या मजल्यावरच्या सावळ्यांचा होता. सावळ्यांनी मोडनिंबजवळ हायवेवर आयुष्यभर गॅरेज चालवलं आणि म्हातारपणी इथं फ्लॅट घेतला. माणूस वाईट नाही. पण त्यांची चार वर्षांची नात पार्किंगमध्ये खेळते, बुट्टीच्या गळ्यात पडते, आणि त्या कुत्रीला खरूज झालीय अशी त्यांची खात्री होती. पोरीला लागली तर काय, असा त्यांचा प्रश्न होता. पंधरा दिवसांत कुत्री हलवावी, असं लिहून खाली अकरा सह्या होत्या. सातवी माझ्या बायकोची होती.

अर्ज खिशात घालून मी खाली गेलो. नरसक्कांनी माझ्या बाहीचा सुटलेला धागा काढला, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवली, आणि दोन रात्री बुट्टी कशी झोपली नाही ते सांगत बसल्या. मी भाकरी खाऊन अर्जासकट वर आलो. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जायची वेळ माझ्यावर आली नाही.

त्या दिवशी दुपारी नरसक्का पेन्शनच्या कामाला बँकेत गेल्या होत्या आणि बुट्टी जिन्याखाली बांधलेली होती. सावळ्यांनी ते पाहिलं. त्यांच्या गावाकडं कुत्र्याच्या खरजेवर एकच हमखास औषध, गाडीचं जळकं ऑइल. आपण अर्ज केला खरा, पण मुकं जनावर बरंच झालं तर हलवायचं कशाला, अशा चांगल्या विचारानं त्यांनी डबा आणला आणि बुट्टीला मानेपासून शेपटीपर्यंत चोपडलं. बुट्टीनं ते चाटलं.

मी कॉलेजातल्या ऑफिसातून आलो तेव्हा बुट्टी फेस ओकत होती आणि सावळे पायरीवर डोकं धरून बसले होते. तेवढ्यात फाटकातून नरसक्का आल्या. त्यांनी काळ्या झालेल्या बुट्टीकडं पाहिलं, मग सावळ्यांच्या काळ्या हातांकडं. मला वाटलं आता काहीतरी भयंकर ऐकायला मिळणार. त्या घरात गेल्या, टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि बुट्टीला गुंडाळायला लागल्या. टॉवेलाची टोकं त्यांना काही केल्या एकमेकांत अडकवता येईनात. शेवटी ती सावळ्यांनी अडकवली.

"गाडी काढतो," ते म्हणाले.

त्यांच्या गाडीला महिन्यापूर्वी घातलेली नवी सीटकव्हर्स होती. ती त्या दिवशी गेली. मी पुढं बसलो होतो, आणि मागून फक्त नरसक्कांचा आवाज येत होता. "वद्दु बुट्टी, वद्दु." नको बुट्टी, नको. काय नको ते मला कळत नव्हतं. बुट्टीला बहुधा कळत असावं, कारण ती मधूनच शेपटी हलवायची आणि ऑइलचा एक थेंब माझ्या मानेवर यायचा.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बुट्टीला आत नेलं, साबणानं दोन-तीनदा धुतलं, सलाईन लावलं. जळकं ऑइल म्हणजे विष आहे, कातडीवाटे पण जातं आणि चाटलं तर पोटात जातं, असं तिनं आम्हाला सांगितलं. सावळे मान खाली घालून ऐकत राहिले. आम्ही तिघं बाकावर दोन तास बसलो. सावळे तीनदा उठून बाहेर गेले आणि तीनदा परत आले. नरसक्का मांडीवरचा टॉवेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी तपासत होत्या. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

बुट्टी डोळे उघडून बघायला लागल्यावर डॉक्टरनं तिच्या कातडीचा थोडा भाग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. केसांतून बारीक फणी फिरवून पिसवा पाहिल्या. आणि मग विचारलं, हे कधीपासून आहे.

"गौरी बसल्या की चालू, गड्ड्याला बंद," नरसक्का म्हणाल्या. "तीन वर्षं. आधी पुढचे पंजे, मग कान, मग बगल, मग पोट. पाठीला कधीच न्हाय."

डॉक्टर लिहायची थांबली. बहुतेक लोकांना कुत्र्याला खाज कधी सुटली हेच सांगता येत नाही, ती म्हणाली. खरजेचे किडे कुठंही नाहीत. ही हंगामी अॅलर्जी आहे. पावसानंतर गवत फुलतं, त्याचे पराग हवेत आणि जमिनीवर असतात, आणि माणसाला शिंका येतात तशी कुत्र्याला खाज सुटते. ही माणसाला लागत नाही. मी तिला हे दोनदा विचारलं आणि सोसायटीच्या नावानं लिहून घेतलं. सावळ्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन वाचली आणि विचारलं, मग कायमची बरी होणार का. ती म्हणाली, कायमची नाही, पण आटोक्यात राहते. फिरवून आणलं की पंजे आणि पोट ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं. दिलेल्या शाम्पूनं आठवड्याला आंघोळ घालायची, फेस दहा मिनिटं राहू द्यायचा. पिसवांचं औषध चुकवायचं नाही. गोळ्या सांगितल्या तेवढ्याच, आणि माणसांची गोळी किंवा मलम मनानं लावायचं नाही. पुढच्या वर्षी गौरींच्या आधीच दाखवायला आणायचं. "आणि फुललेल्या गवतात नेऊ नका," ती शेवटी म्हणाली.

नरसक्कांनी ते शेवटचं ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात तेच बसलं. आमच्या कुंपणामागं एक मोकळा प्लॉट आहे. पावसाळा संपता संपता त्यात कमरेएवढं गाजर गवत माजतं आणि पांढऱ्या फुलांनी भरून जातं. प्लॉटच्या मालकाला मी पत्र लिहिलं. उत्तराची वाट बघू म्हणालो. नरसक्कांनी वाट बघितली ती रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर त्या एकट्या त्या प्लॉटमध्ये ओणव्या होऊन गवत उपटत होत्या, उघड्या हातांनी. उपटून झालेल्या भागावरून मागं फिरून एकेक बुडखा तपासत होत्या. थोड्या वेळानं सावळे जाड हातमोजे आणि खुरपं घेऊन त्यांच्यापाशी गेले. त्यांनी हातमोजे पुढं केले, त्या नको म्हणाल्या, कारण हातमोज्यातून हाताला कळत नाही. मग सावळ्यांनी ते स्वतः घातले. दोघं दुपारपर्यंत गवत काढत होते. संध्याकाळी सावळ्यांनी माझ्याकडं येऊन अर्ज परत मागितला आणि खिशात घातला.

बुट्टी त्या वर्षी गड्ड्याच्या बऱ्याच आधी बरी झाली, हे सांगून टाकतो. यंदा फुलं यायच्या आत सगळ्या सोसायटीनं मिळून तो प्लॉट साफ केला, हातमोजे घालून. चट्टे आले, पण मोजकेच. पण मला सांगायचंय ते त्या रविवारनंतरच्या मंगळवारचं.

मंगळवारी संध्याकाळी अर्ज मागं घेतल्याचं सांगायला मी खाली गेलो. त्यांना अर्जाचं माहीत नाही, असंच मला तोवर वाटत होतं. नरसक्का दाराबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. मनगटापासून बोटांपर्यंत हात लाल होऊन सुजले होते आणि त्यावर ओलं फडकं गुंडाळलं होतं. गाजर गवत माणसालाही सोडत नाही. डॉक्टरकडं जाऊन आला का विचारलं, तर म्हणाल्या, जाऊन आले, मलम दिलंय, आठ दिवस हाताला आराम. अर्जाचं सांगितल्यावर त्या नुसत्या 'माहीत हाय' म्हणाल्या. समोर बुट्टी पडली होती. माझी पावलं भिंतीकडं वळली.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "जरा तिच्या पोटाला हात लावून बघा की. माझ्या बोटांना काय कळंना झालंय."

मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतंय. त्या म्हणाल्या, कळायला काय लागतंय, खरखरीत का मऊ, एवढंच सांगा. मी बराच वेळ उभा राहिलो. मग उकिडवा बसलो आणि बुट्टीच्या दातांवर नजर ठेवून तिच्या पोटावर दोन बोटं टेकवली. पोट गरम होतं आणि श्वासाबरोबर खालीवर होत होतं. बुट्टीनं मान उचलून माझ्याकडं पाहिलं आणि परत टेकवली.

"इथं मऊ आहे," मी म्हणालो. "इथं पण. बगलेत थोडं खरखरीत."

"किती?"

"रुपयाएवढं."

"खरं सांगताय, का मला बरं वाटावं म्हणून?"

"खरं सांगतोय, नरसक्का."

त्या मग फडक्यातल्या हातांकडं बघत म्हणाल्या, "कारखान्यात माझ्यासमोर दुसरी बाई बसायची. मी बघितलेलं ती बघायची, तिनं बघितलेलं मी. चुकलं तरी एकीचं चुकायचं. हितं मी एकटीच. हिला खरंच खाजतंय, का मलाच तसं वाटतंय, हे कुणाला विचारू? म्हणून झोप लागत न्हाय."

मी बुट्टीच्या पोटावरचा हात तसाच ठेवला. तिनं पाय लांब केला आणि हात बगलेत पुरता जाईल अशी कुशीवर वळली.

"उद्या येताल का बघायला?" नरसक्कांनी विचारलं.

ऑफिसातून आलो की येतो, मी म्हणालो. रोज येतो.

त्या उठल्या, सुजल्या हातानं कडी जेमतेम सरकवून त्यांनी दार उघडलं. आत जाताना म्हणाल्या, "मग आज जरा झोपते."