संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीचा खोका

आधी माझा गाढवपणा सांगतो. शेजारच्या सामंतकाकांनी सकाळी दारातच पेढ्यांचा छोटा खोका माझ्या हातात ठेवला. आदल्या दिवशी संकष्टी, म्हणजे काका टिटवाळ्याला जाऊन आलेले. मी खोका कपाळाला लावला आणि देवापुढे ठेवला. अर्ध्या तासाने त्यांचा फोन.

"अरे, निघालास ना? डॉक्टरांना नमुना ताजा लागतो रे!"

खोक्यात त्यांच्या मांजरीची, बायजाची, शी होती.

माझं ऑफिस ठाण्यात, मांजरीचे डॉक्टरही ठाण्यात, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे. बायको पोटदुखीवर मीच सुचवलेला ओवा चावत बसली होती, ती ताडकन उठली. आधी देवांना आंघोळ घातली, मग मला.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सकाळी सगळे पेपर वाचतात. काका भिंग घेऊन बायजाच्या मातीच्या ट्रेपुढे उकिडवे बसतात. "तांदळाच्या दाण्यासारखं दिसलं तर चपटा जंत. शेवई दिसली तर गोल." हे ते नेमकं आमच्या जेवणाच्या वेळी येऊन सांगतात. आमच्याकडे शेवयांची खीर बंद झाली, ती त्यामुळेच. बायजाला कडेवर घेऊन ते वजनकाट्यावर चढतात, मग एकटे चढतात, आणि वजाबाकी कॅलेंडरवर लिहितात. हल्ली ती वजाबाकी घटत चालली होती. दोन दिवस तर बायजाने बशीला तोंडही लावलं नव्हतं.

"काका, जंत काय, सगळ्याच मांजरांना होतात."

"पोटातलं बाहेरून दिसत नाही रे," काका म्हणाले. हे त्यांचं पालुपद.

संध्याकाळी मी रिपोर्ट आणि गोळ्या घेऊन आलो. जंतच होते. बायजाला टॉवेलात गुंडाळून मी धरलं, काकांनी गोळी घशात सारली. तिने ती माझ्या शर्टावर थुंकली. तिसऱ्या खेपेला गिळली, तोवर माझ्या मनगटाची खवणी झाली होती.

मी हसत होतो. काकांनी बायजाला टॉवेलासकट मांडीवर घेतलं, ते टॉवेल सोडेनात.

"ही मांजर तिची," ते बायजाच्या पाठीकडे बघत म्हणाले. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. "पोटात दुखतंय म्हणायची. मी म्हणायचो, गॅस असेल, ओवा खा. दोन महिने ओवाच दिला रे मी तिला. एकदाही नेलं नाही."

बऱ्याच वेळाने बायजाने बांगड्याचा तुकडा हुंगला, थोडा चाटला, बाकीचा तसाच ठेवला. काका तेवढ्यावरही उठून कॅलेंडरकडे गेले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. गोळी थुंकण्यापर्यंत ती हसली. पुढचं ऐकून ओव्याच्या बाटलीला झाकण लावत म्हणाली,

"अहो, उद्या रजा टाका. माझंही पोट एकदा दाखवून येऊ."