शेजारचे ज्येष्ठ

वस्तीतल्या दवाखान्याच्या जिन्याला कठडा नव्हता. कार्यालयाचं म्हणणं रास्तच होतं: कठडा ज्येष्ठांसाठी असतो, तेव्हा आधी ज्येष्ठ मोजू, मग कठडा लावू. त्याकामी वयोमान निश्चिती पथक नेमण्यात आलं.

कठड्याची मागणी लावून धरली होती मोठ्या बाईंनी. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाईंचा दरारा तोच होता. गुडघ्यांनी मात्र साथ सोडली होती. शेक घ्यायला तो जिना त्या अक्षरशः जीव मुठीत धरून चढायच्या. मध्यंतरी एकदा पाय घसरून चार पायऱ्या खालीही आल्या होत्या.

पथकातली मुलगी दाराशी आली आणि बिचारीने पहिल्याच शब्दाला घोळ घातला. "आजी, घरात कुणी ज्येष्ठ आहेत का?"

आजी! आणि कलप तर कालच लावलेला. बाईंनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की ती पाऊलभर मागे सरली.

"इथे कुणी नाही. समोर टोपीवाले मामा आहेत, त्यांना विचार. फार थकलेत हो."

मामांनी टोपी सारखी करत वाण्याच्या आईकडे बोट दाखवलं. वाण्याच्या आईने शिंपीणकाकूंकडे धाडलं. काकूंनी मुलीदेखत सुईत दोरा ओवून दाखवला आणि पत्ता दिला मोठ्या बाईंचा.

अहवाल आला. सदर वस्तीत एकही ज्येष्ठ आढळून आला नाही. तथापि प्रत्येकाच्या शेजारी एक ज्येष्ठ राहतो, असे निदर्शनास आले. शेजाऱ्यांसाठी तरतूद नसल्याने कठडा नामंजूर. वस्ती तरुण ठरल्यामुळे तिचा सत्कार झाला, रस्त्याकडेची बाकं काढून व्यायामासाठी लोंबकळायच्या सळ्या बसवल्या, आणि दवाखाना पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर हलवला. तरुणांना काय धाड भरलीये चढायला?

बाई सगळ्यांना घेऊन कार्यालयात धडकल्या. साहेब सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नियम सोपा आहे, बाई. तुमच्यापैकी एकाने नुसतं म्हणायचं, मी म्हातारा झालोय. उद्या कठडा लागेल."

मामा पंख्याकडे पाहू लागले. बाईंचा गुडघा ठणकत होता. एका वाक्याचा तर प्रश्न होता. त्यांनी तोंड उघडलं, तशा शिंपीणकाकू आशेने पुढे झुकल्या. उद्यापासून अख्ख्या वस्तीत आपण एकट्याच म्हाताऱ्या, हे बाईंच्या लख्ख ध्यानात आलं.

"मला कशाला हवाय कठडा?" त्या म्हणाल्या. "मी आपली या लोकांसाठी आले होते."

मागे सगळ्यांनी माना डोलावल्या. तेही या लोकांसाठीच आले होते.

तेव्हापासून बाई आणि मामा एकमेकांचा हात धरून तीन मजले चढतात. मामांना आधार लागतो, असं बाई सांगतात. बाईंना लागतो, असं मामा. परवा दोघंही एकदमच घसरले आणि पायरीवर बसल्या बसल्या एकमेकांना म्हणाले, "या वयात जपायला हवं हो तुम्ही."

हे वाचताना तुम्हालाही शेजारचं कुणीतरी आठवलं असेलच. त्या शेजाऱ्यांना कोण आठवलं, हे पथकाने अजून विचारलेलं नाही.