सोनटक्के सरांचं उणे

सोनटक्के सरांचा गणिताचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गात माझी कविता बंद पडते. भिंतीपलीकडून आरोळी येते, "उणे कुठं गेलं रे, उणे?" माझी पोरं खिदळतात, मी टेबलावर डस्टर आपटते. गंगाखेडात मराठी शिकवणाऱ्या बाईच्या नशिबी हेच.

सरांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकलाय. वर्गसमीकरण सोडवत बसायचं नाही, नुसत्या सहगुणकांकडं बघून दोन्ही मुळांची बेरीज आणि गुणाकार सांगायचा. बेरीज म्हणजे उणे बी भागिले ए, गुणाकार म्हणजे सी भागिले ए. त्या बेरजेतलं उणे पोरं हमखास विसरतात अन् घाम सरांना फुटतो. बोर्डाची परीक्षा आली की हे फाटकाशी उभे, आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायलेत, "उणे ध्यानात हाय ना?" एका पोरीला तर रडूच फुटलं. ती बिचारी इतिहासाच्या पेपरला आली होती.

माणसांनाही हेच लावतात. एकदा स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "बाई, तुमचा अन् तुमच्या घरच्या साहेबांचा गुणाकार ऋण हाय. म्हणजे एकजण धन, एकजण ऋण. कोण कोणतं, ते मी सोडवत बसत न्हाई." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

परवा मात्र पलीकडून आवाजच येईना. बाहेर येऊन बघते तर सर व्हरांड्यात एकटे उभे. आत फळ्यावर बेरजेतलं उणे त्यांनी स्वतःच गाळलं होतं, पहिल्या बाकावरच्या पोरीनं ते भीतभीत दाखवलं होतं.

"सर, बरं वाटत नाही का?"

"सूनबाई काल माहेरी गेली, सेलूला. तिचं अन् पोराचं लय भांडण झालं. परत येत न्हाई म्हणायली." त्यांनी खिशातून फोन काढला. "फोन लावू का, बाई? पोराचा बाप हाय मी. तिला वाटंल, त्याचीच वकिली करायलोय."

सरांच्या मिसेस जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा सदा फिरतीवर. त्या घरात सरांशी बोलणारं माणूस म्हणजे ही सूनच. मलाच भीती वाटायला लागली, तिनं उचललाच नाही तर?

"लावा," मी म्हटलं.

तिनं उचलला.

"दीपा, मी बोलायलोय. त्याच्यासंगं नांदायचं का न्हाई, ते तुझं तू ठरव. मी मधी पडत न्हाई. फक्त मला बाबा म्हणायचं बंद करू नको, बेटा."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली, अन् सर "हां, हां" करत खिसे चाचपायला लागले.

"काय म्हणाली?"

"बीपीची गोळी घेतली का, विचारायली," सर म्हणाले, अन् चष्मा काढून तिथंच पायरीवर बसले.