कुलपाआडची गिटार

एलोजीकाका घरात असला का घर गप असायचं. तो भायेरनं कुलूप लावून गेला, का घर वाजाया लागायचं.

भर दुपारची येळ असायची. मी मिठागरावरनं भाकर खायाला घरी येयाची. मिठानं पायाला चिरा पडल्याल्या, त्यावर खोबरेल चोळत ओटीवर बसायची. शेजारी काका पितळेचं कुलूप लावायचा, दोनदा ओढून बघायचा, काळी छत्री उघडायचा नि खाडीच्या बांधावरनं चालाया लागायचा. भरतीचं पानी आत घ्याची उघाडी हाय ना, तिथवर पोचला का त्याच्या बंद घरातनं यायचं, टिंग. मग गप. मग परत, टिंग... टिंग.

मानूस तिकडं बांधावर दिसतोय. मंग इकडं तारा कोन छेडतंय?

सासू बोलायची, "रिबका हाय ती. जीव अडाकलाय तिचा."

रिबका म्हंजे काकाची बायको. तापानं गेली व्हती. ही शनवार तेल्यांची मानसं, यहुदी. आजा-पनजा तेलाचा घाना चालवायचे, शनवारी बंद ठेवायचे, म्हनून गावानं ठेवल्यालं नाव. काका मात्र पनवेलात डाक्तरकडं कंपौंडर. पन तिथंबी तोंड कुनाला दिसायचं नाय. खिडकीतनं नुसता हात येयाचा नि बाटली. कुनी काय इचारलं तर आतनं आवाज, "मी इथं नाही असं समजा. डॉक्टरांना विचारा."

लग्नात बोलावलं तर मांडवाच्या कनातीमागं बसून जेवायचा. आमचे मालक खाडीत बुडाले तवा धा दिवस घरात चूल पेटली नाय. एका सकाळी दाराभायेर आवाज, "सोने, मी आलो नाही असं समज." दार उघडलं तर पायली भरून तांदूळ, नि काका पार गल्लीच्या टोकाला पाठमोरा. पोरं त्यावर जगली. मी पन आभार मानले नाय. न आलेल्या मानसाचे कसे मानायचे?

तर ते टिंग टिंग लई दिवस चाललं. पोरं भ्यानं तिकडनं जाईनात. एक दिस भाकर तशीच ठेवून मी बांधावर गेली.

"काका, तुमच्या घरात कोन वाजवतंय?"

त्याची छत्रीच मिटली. "तुला ऐकू येतं?"

"आख्ख्या पाड्याला येतंय."

तो मटकन बांधावर बसला. "कसं वाटलं? ...नको, सांगू नकोस."

मंग सांगितलं त्यानं. पानी बघत सांगितलं, माझ्याकडं नाय.

त्याची एकच लेक, मोझेल. लगीन करून नवऱ्यासंगं इस्रायलला गेली. जावयाची गिटार माळ्यावर ऱ्हायली. आता मोझेलला बाळ व्हनार व्हतं. तिनं निरोप धाडला, आई पाळना म्हनायची त्याची चाल काय केल्या आठवत नाय, बाबा. ती चाल आता जगात एकट्या काकाला ठावकी. नि काकाचा गळा फुटक्या डब्यावानी. म्हनून ह्या वयात गिटार धरली, बोटं सोलून घेतली. त्याचा भाचा सायमन पुढच्या आठवड्यात बोटीनं तिकडंच निघाला व्हता. त्यानंच ब्याटरीवरचं टेपाचं यंत्र आनून दिल्यालं. त्यात भरायचं नि भाच्यासंगं धाडायचं.

"मंग धाडा की."

"दोनदा भरलं नि पुसलं. यंत्रासमोर बसून ऐकलं की वाटतं, मीच मला सुई टोचतोय. म्हणून तिसऱ्यांदा सुरुवातीची फीत कोरी सोडून भरलं; ते लावून ठेवतो नि वाजायच्या आत इथं येतो. इथून वाटतं, दुसराच कुणी बिचारा वाजवतोय. मग थोडी दया येते."

"पन वाऱ्यावर गेलं तर बाळ काय ऐकनार?"

"तेच तर," तो बोलला.

मी परत आली तर इकडं येगळंच. सासूनं भगत आनल्याला. भगतानं उतारा मांडला, नारळ, लिंबू, कुंकू, तांदूळ. तो काकाच्या उंबऱ्यावर ठेवायला वाकला नि आतनं टिंग! भगत उताऱ्यावरनं उडी मारून पळाला. एक वहाण तिथंच.

काका घरी आला. उंबऱ्यावर नारळ बघून थांबला. डोळे भरले त्याचे.

"सोने, कुणाला कळलं गं, परवा माझ्याकडे मालिदा आहे? रिबका गेल्यापासून पहिलाच."

मालिदा म्हंजे त्यांच्यातला परसाद. पोहे, गूळ, खोबरं, केळी, एलियाहू नबीच्या नावानं ताटात मांडतात, काम तडीस जावं म्हनून. सासूनं मला असा चिमटा काढला का वळ उठला. काकानं कुंकू पुसलं, नारळ उराशी धरून आत नेला. "सगळ्यांनी या," बोलला. "मी इथं नाही असं समजून या."

सासू दोन दिस वाट बघत बसली, आता मरतोय, मंग मरतोय. तो मेला नाय. तवा समदा पाडा मालिदा खायाला गेला, काय व्हतंय ते बघायला.

दुवा झाली. परसाद हातावर पडला. उताऱ्याचं खोबरं समद्यांनी वळखलं, पन पोहे ग्वाड व्हते. मंग सायमननं यंत्र मधी ठेवलं. "मामा, आज सगळ्यांनी ऐकलं तरच मी नेणार."

काका कोपऱ्यातनं उठून दारामागं गेला. दाराखालनं नुसती बोटं दिसत व्हती पायाची.

चाक फिरलं, आधी नुसती खरखर. टिंग. चुकलं, परत पयल्यापासनं. पन मंग चाल लागली, नि मी ती वळखली. रिबकाबाय पाट्यावर वाटताना हेच गुनगुनायची. सासूनं पदर तोंडाला लावला. पाळना संपला. सायमन यंत्र बंद कराया गेला, तर आत अजून खरखर चालू.

मंग त्या यंत्रातनं काकाचा आवाज आला, कुनासंगं तरी हळू बोलावं तसा.

"रिबका, बरं झालं का गं?"

खरखर. लई येळ नुसती खरखर. जसं कुनी बोलतंय नि तो आयकतोय.  दाराखालची बोटं हालली नाय.

"हं," यंत्रातला काका बोलला. "बरं, परत वाजवतो."

सायमनचा चेहरा उतरला. "मामा, शेवटचं पुसून टाकू?"

दार हाललं. काका पयल्यांदा समद्यांच्या मधी येऊन हुबा ऱ्हायला, घामानं भिजल्याला.

"नको. राहू दे. मी एकटा नाही असं मोझेलला वाटेल."

टेप बोटीनं गेली. यंत्र पन गेलं. पन काका आता कुलूप न लावता, दार सताड उघडं ठेवून दुपारचा वाजवायचा. पाळना संपला का थांबायचा. आतनं हळूच येयाचं, "बरं झालं का गं?" नि मंग टेपातल्यावानी लांब गप.

पयल्या दिशी ती गप आमाला कुनाला सोसवंना. दुसऱ्या दिशी सासू कुंपनाच्या वईपाशी गेली नि पाड्याला आयकू जाईल असं वरडली,

"झालं रं बरं! आता जेव!"

त्यानंतर रोज वरडायची. ती गेली, तवापासनं मी.