काठी जमा नाही

तोमासाला जाऊन दुसरा दिवस उजाडला तरी तिला पुरता येत नव्हतं, आणि त्याला जबाबदार तिचा नवराच होता.

नव्या कायद्यानं एक जानेवारीला सान मार्कितोसची नगरपरिषद मोडीत निघाली. पाणी, बाजार, दफनभूमी, सगळं तालुक्याच्या कचेरीकडे गेलं. नगराध्यक्ष कासिमिरो त्सोयनं दप्तर, शिक्का, किल्ल्या निमूट दिल्या. राहिली ती अधिकाराची, चांदीच्या मुठीची काठी. ती द्यायच्या नुसत्या कल्पनेनं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दोन तारखेला त्याचा जुना मित्र चेपे वारला, तेव्हा कापडात गुंडाळलेली काठी त्यानं गुपचूप चेपेच्या शवपेटीत सरकवली. पद गेलेल्यानं गुंडाळी सोडायची नाही आणि जो सोडील त्याच्या गळ्यात गावची सगळी भांडणं, ही तिथली रीत. त्यामुळे त्यानं ती उघडून पाहिली नाही.

"काठी तुमची नव्हती, गावाची होती," एवढंच तोमासा म्हणाली. त्या दिवसापासून ती आपल्या विणकामाच्या मागाजवळ रोज एक मेणबत्ती लावू लागली. चेपेसाठी असेल, असं कासिमिरोला वाटलं. फेब्रुवारीत तीच न्युमोनियानं गेली.

चेपेच्या वेळी परवान्याचं कोणी विचारलं नव्हतं; आता मात्र कबर खणणारा लेंचो त्याच्याशिवाय फावड्याला हात लावेना. कासिमिरो बस पकडून तालुक्याला गेला. तिथला साहेब, बारियेंतोस, फार सभ्य माणूस. त्यानं आधी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि मग यादी काढली.

"तुमच्या गावची काठी जमा नाही. ती जमा होईपर्यंत दफनभूमी आमची नाही."

"मग परवान्यावर मी सही करतो."

"तुम्ही आता अध्यक्ष कुठे आहात?"

"मग दफनभूमी कोणाची?"

साहेबानं प्रामाणिकपणे विचार केला. "सध्या कोणाचीच नाही."

काठी कुठे आहे ते कासिमिरोनं शेवटी कबूल केलं. साहेबाचा चेहरा पडला. कबर उघडायलाही परवाना लागतो, आणि तो दफनभूमी ज्याची त्यानंच द्यायचा.

परतीच्या बसमध्ये कासिमिरो रडला. चाळीस वर्षं जिनं त्याचे सगळे हट्ट निस्तरले, तिला त्याच्याच एका हट्टापायी माती मिळत नव्हती. डोंगरात गारठा होता म्हणून बरं. तरीही शेजारणींनी फुलांचे ढीग वाढवले होते आणि दारं उघडी ठेवली होती.

तिच्यासोबत पेटीत ठेवायला बायकांनी तिचा माग सोडला. त्यातली विणीवर मारायची जड लाकडी पट्टी काही सापडेना. तिच्या जागी अर्धवट विणलेल्या कापडात भलतंच काही गुंडाळलेलं होतं. म्हातारी पेत्रोनानं ते चाचपलं आणि हात मागे घेतला.

"कासिमिरोदादा, ही पट्टी नाही. हिला मूठ आहे."

त्यानं मुठीवरून बोटं फिरवली. तीस वर्षांची ओळख होती, सोडून बघायची गरज नव्हती. चेपेच्या पेटीत तोमासाची पट्टी गेली होती. मेणबत्ती चेपेसाठी नव्हतीच.

दुपारच्या बसनं तो पुन्हा साहेबापुढे उभा राहिला. काठी पाहून साहेबाला हायसं वाटलं. त्यानं परिपत्रक पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर थांबला.

"हस्तांतरण होईपर्यंत तातडीची कामं काठी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं पाहावीत, असं आहे इथे. म्हणजे आज तुम्हीच. करा सही. काठी परवा आणून द्या."

कासिमिरोनं हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या. ही एकच करण्याआधी त्यानं कागदावरचं तोमासाचं नाव दोनदा वाचलं. संध्याकाळच्या आत तोमासा मातीत विसावली.

तिसऱ्या दिवशी त्यानं गुंडाळी साहेबाच्या टेबलावर ठेवली. साहेब गाठ सोडू लागला.

"सोडा की," कासिमिरो म्हणाला. "पण जो सोडतो त्याला गावची भांडणं घ्यावी लागतात. पाण्यावरून भांडत अकरा जण आलेत माझ्याबरोबर. पाठवू आत?"

साहेबानं खिडकीतून बाहेर पाहिलं, गुंडाळी तशीच कपाटात ठेवली आणि यादीत 'काठी, एक' असं लिहिलं.

घरी येऊन कासिमिरोनं मागाच्या कोपऱ्यात मेणबत्ती लावली. परसातला घेवड्याचा वेल मात्र आधाराची काठी तालुक्याला गेल्यामुळे जमिनीवर लोळत होता. तोमासा असती तर त्यावरून ओरडली असती.