टायमरचा पंखा

दिगंबर खटावकर वारले आणि पंधराव्या दिवसापासून आपल्याच फ्लॅटच्या बाथरूममध्ये वाफ होऊन राहू लागले. तिथला एक्झॉस्ट पंखा आधीच बंद पडलेला होता, त्यामुळे त्यांची गैरसोय झाली नाही. इंदुमतीबाई सकाळी स्टूल घेऊन बाथरूमच्या दारात बसायच्या, भाजी निवडता निवडता दोघं बोलायचे.

सातव्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी बोंगाळे नोटीस घेऊन आले.

"वहिनी, दादांविषयी कुणाची तक्रार नाही. पण ओल खाली उतरतेय. खालच्या कांबळ्यांच्या बाळाला धाप लागते. डॉक्टर येऊन भिंत बघून गेले. आठ दिवसांत टायमरचा पंखा बसवावा, असा ठराव झालाय."

बाळाची धाप इंदुमतीबाईंना आपल्या घरात ऐकू यायची. त्यांनी नोटिशीवर सही केली.

रज्जाक वायरमन दुपारी आला. त्यानं मेन स्विच पाडला आणि जुना पंखा उतरवला.

"काकू, याला तीन वायरी लागतात. एक दिव्याच्या बटणावरून, एक कायम चालू आणि एक न्यूट्रल. दिवा घालवला तरी पंखा फिरत राहतो."

"न्यूट्रल नीट आवळ," आतून खटावकर म्हणाले. सूतगिरणीत त्यांनी तीस वर्षं वायरमनकी केली होती. "सैल राहिली तर जळेल."

"आवळली, काका."

रज्जाकनं पंख्यासाठी दाराबाहेर वेगळा स्विच काढला. मग टायमरच्या बारक्या स्क्रूवर पेचकस ठेवून तो थांबला.

"किती मिनिटं ठेवू? दोनपासून वीसपर्यंत आहे."

"दोन मिनिटांत हे किती जातील?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

त्यानं आत नजर टाकून अंदाज घेतला. "गुडघ्यापर्यंत."

"वीस ठेव," खटावकर म्हणाले. "असं थोडं थोडं नको."

रज्जाकनं वीसवर ठेवलं, मेन चालू केला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला.

इंदुमतीबाईंनी दिवा लावला. पंखा फिरू लागला. मग त्यांनी दिवा घालवला.

पहिली पाच मिनिटं खटावकर पंख्याविषयीच बोलत होते. आवाज कमी आहे, माल चांगला दिसतो, म्हणाले. मग गॅसचा नंबर लावायची आठवण केली. बाराव्या मिनिटाला त्यांचा आवाज पातळ झाला.

"इंदू, बंद कर गं."

इंदुमतीबाईंचं बोट बाहेरच्या स्विचवरच होतं.

"इंदू, ऐकतेस ना?"

खाली बाळ खोकलं. इंदुमतीबाईंनी बोट उचललं नाही आणि दाबलंही नाही.

पंखा आपोआप थांबला तेव्हा त्या आत गेल्या. भिंती कोरड्या होत्या, आरसा स्वच्छ होता. दारामागच्या खुंटीवरचा टॉवेल तेवढा दमट लागला. त्यांनी तो गालाला लावून पाहिला, घडी केली आणि पलंगावर यजमानांच्या बाजूला ठेवला. नोटिशीत टॉवेलाविषयी काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तो वाळत घातला नाही.